तारामाशाची आखूड भुजा

भाचीच्या मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी मागं कोल्हापुरातल्या एका कॉलेजात जावं लागलं. कुठलं कॉलेज ते सोडा. ऑफिसात "साहेब जेवायला गेलेत, तीनला या" असं उत्तर मिळालं, आणि तोवर काय करायचं म्हणून मी व्हरांड्यातनं भटकत वरच्या मजल्यावर गेले. झूऑलॉजीची पाटी दिसली की अजूनही माझे पाय तिकडं वळतात. बीएस्सीला तोच विषय होता. पुढं त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, पतसंस्थेत व्याजाचे हिशेब करते मी, पण फॉर्मॅलिनचा, म्हणजे मेलेले प्राणी टिकवायच्या द्रावणाचा, तो नाकात चढणारा वास आला की डोळ्यांत पाणी येतं आणि ते सगळंच काही वासामुळं नसतं. लॅबबाहेर भिंतीला लागून काचेची उंच कपाटं, आत बरण्यांच्या रांगा. एका कपाटाला पाठ टेकून एक मुलगी खाली फरशीवर बसली होती. मांडीवर जर्नल, गुडघ्यावर मोबाइल. मोबाइलमधला फोटो बघून तारामासा काढत होती. आणि तिच्या डोक्याच्या बरोबर वर, दुसऱ्या फळीवरच्या बरणीत, तारामासा होता.

"अगं, खरा इथंच आहे की वर," मी न राहवून म्हटलं. तिनं मान वळवून बघितलं, हसली. "कपाट बंद असतंय काकू. आणि फोटोवरनं बरं पडतंय, झूम करून काढालोय." शिपाईमामा तिथंच स्टुलावर बसले होते. त्यांनी न विचारता सांगून टाकलं, "चावी सरांच्याकडं असती. तपासणीला कमिटी आली की उघडतो आम्ही."

मुलगी काही चुकीचं करत नव्हती. तिचं चित्र सुबक होतं, पाची भुजा सारख्या लांबीच्या, मध्ये तोंड, भुजांवर खोबणी, नावांच्या बाणरेषा पट्टीनं ओढलेल्या. दहापैकी नऊ तरी मिळणारच. पण मी काचेला नाक लावून बरणीतला तारामासा बघितला आणि मला काहीतरी खटकलं. त्याच्या चार भुजा नीट होत्या आणि पाचवी त्यांच्या अर्ध्याएवढीच, टोकाला बारीक झालेली. म्हणजे हा गडी जिवंत असताना कधीतरी त्याची एक भुजा तुटली होती, कुणी खाल्ली असेल, दगडाखाली सापडली असेल, आणि नवी उगवत असतानाच तो कुणाच्या तरी हाती लागला आणि बरणीत आला. तारामाशाची तुटलेली भुजा पुन्हा येते हे आम्ही एका ओळीत पाठ केलं होतं. ती ओळ त्या बरणीत होती, आणि तिच्या खाली बसलेल्या मुलीच्या वहीत पाचही भुजा सारख्या होत्या. सर्टिफिकेट मिळालं, घरी आले, आठवडा गेला, तरी ती आखूड भुजा काही डोक्यातून जाईना.

आता खरं सांगायचं तर आमच्या वेळी कपाटं उघडी होती म्हणून आम्ही मोठे निरीक्षक झालो होतो, असं मुळीच नाही. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत स्पॉटिंग असायचं. टेबलावर ओळीनं बरण्या, प्रत्येकीपुढं नंबराची चिठ्ठी, घंटा वाजली की पुढच्या बरणीकडं सरकायचं. 'ओळखा आणि वैशिष्ट्यं लिहा.' आम्ही प्राणी ओळखायचो कुठं, बरण्या ओळखायचो! झाकणाला मेण लावलेली ती जळू. बुडाशी तडा गेलेली ती समुद्रकाकडी. लेबल अर्धं फाटलंय तो ऑक्टोपस. एका वर्षी आमच्या लॅब असिस्टंटनं परीक्षेआधी बरण्या धुऊनपुसून दोन प्राण्यांची अदलाबदल केली तेव्हा अर्धा वर्ग गारद झाला होता. तरीसुद्धा त्या बरण्यांनी काहीतरी आत सोडलंच. समुद्री घोडा केवढासा असतो हे मला माहीत आहे, कारण तो मी डोळ्यांसमोर धरला आहे. पुस्तकातल्या चित्रात तो आणि देवमासा एकाच मापाचे असतात. मोबाइलमध्येही असतात, दोन बोटांनी हवा तेवढा मोठा करा.

त्या समुद्री घोड्याचंच घ्या. आमच्या वेळी सहलीला मालवणला गेलेली मुलं कोळ्यांच्या जाळ्यातला कचरा उपसून काय काय घेऊन यायची आणि सर ते बरणीत घालायचे. आज तसं करता येणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण समुद्री घोडे आणि प्रवाळ त्याच्या यादीत आले २००१ मध्ये. त्यानंतर कुठल्या कॉलेजच्या मुलानं वाळलेला समुद्री घोडा खिशात घालून आणला तर तो गुन्हा. दुसरीकडं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०११ मध्ये प्राण्यांचं विच्छेदन टप्प्याटप्प्यानं कमी करायला सांगितलं आणि २०१४ मध्ये ते थांबवलंच. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. ट्रेमध्ये टाचण्यांनी ठोकलेला बेडूक आठवला की मला आजही कसंतरी होतं, आणि त्यातनं मी जे शिकले ते इतक्या बेडकांच्या जिवाच्या मोलाचं होतं असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकणार नाही. पण याचा एक अर्थ असा की कॉलेजाकॉलेजांतल्या या जुन्या बरण्या आता पुन्हा भरल्या जाणार नाहीत. जे आहे ते एवढंच. आणि ते कुलपात आहे, कमिटीची वाट बघत.

याउलट जिथं कपाटं रोज उघडतात अशी जागाही कोल्हापुरातच आहे, शिवाजी विद्यापीठाचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या झाडांचा संग्रह. माझी एक मैत्रीण बॉटनीला होती, एमएस्सीला शिवाजी विद्यापीठात गेली. तिच्या खोलीवर गेलं की गादीखाली, टेबलाखाली, सुटकेसखाली जुने 'पुढारी'चे अंक दाबून ठेवलेले असायचे आणि त्या अंकांच्या पोटात झाडं. ऐन पावसाळ्यात मसाई पठारावर नाहीतर राधानगरीच्या बाजूला जायचं, मुळासकट झाड उपटायचं, कागदात पसरायचं, एक पान मुद्दाम उलटं ठेवायचं म्हणजे मागची बाजूही दिसते. मग रोज कागद बदलायचा. आमच्या पावसात कागद वाळायचे कसे? तव्यावर. मुली चपात्या झाल्या की तवा न उतरवता त्यावर वर्तमानपत्र गरम करायच्या. झाड वाळलं की त्याला मोरचूद-पाऱ्याच्या जातीचं कसलं तरी विष चढवायचं, म्हणजे कसर लागत नाही, आणि मग बेचाळीस बाय अठ्ठावीस सेंटिमीटरच्या जाड कागदावर टाके घालून शिवायचं. उजव्या कोपऱ्यात खाली लेबल. नाव, कूळ, गाव, तारीख, आणि गोळा करणाऱ्याचं नाव.

हे शेवटचं मला फार आवडतं. त्या मैत्रिणीचं लग्न झालं, आडनाव बदललं, ती आता परगावी असते, झाडांशी तिचा संबंध कुंडीतल्या तुळशीपुरता. पण विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये तिच्या माहेरच्या नावानं झाडं आहेत. उद्या कुणी विचारलं की अमुक माळावर अमुक गवत होतं का, तर पुरावा म्हणून तो कागद काढावा लागेल. तो माळ आता प्लॉट पाडून विकला गेलाय, पण त्या दिवशी तिथं ते झाड फुलावर होतं हे एका वीस-बावीस वर्षांच्या मुलीनं लिहून ठेवलंय. विद्यार्थ्याला संग्रह 'दाखवणं' वेगळं आणि त्याच्याकडून संग्रहात भर घालून घेणं वेगळं. पहिल्यात तो पाहुणा असतो.

शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग कंदीलपुष्पांसाठी ओळखला जातो. डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीतल्या या दुर्मीळ वेलींचा पाठपुरावा करत घालवलेली वर्षं ही आपल्या गावानं मिरवावी अशी गोष्ट आहे, पण आपण मिरवतो तांबडा-पांढरा. कंदीलपुष्पाची रचना बघण्यासारखी. खाली फुगीर, वर नळी, नळीच्या तोंडाशी पाकळ्यांची टोकं एकमेकांना जुळून छोटा पिंजरा. वासाला भुलून बारीक माशी आत शिरते. नळीत आतून केस असतात, त्यांची टोकं खाली वळलेली, त्यामुळं आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. माशी कोंडली जाते, तिच्या अंगाला पराग चिकटतात, मग केस कोमेजतात आणि तिची सुटका होते. आता हे फूल वर्तमानपत्रात दाबलं की काय होतं? कंदील चपटा. पिंजरा, नळी, केस, सगळं एका पातळीवर. दाबलेल्या कागदावरून ही युक्ती कळणारच नाही. म्हणून फुलं वेगळी स्पिरिटमध्येही ठेवावी लागतात आणि वेल बागेत जिवंतही राखावा लागतो. कागद सांगतो कुठं आणि कधी, बरणी सांगते आकार, बाग सांगते वागणूक. फोटो रंग सांगतो, जो पहिल्या दोघांत उडून जातो. तेव्हा फोटोवर माझा राग नाही. चौघांतला तो एक आहे, एवढंच.

वस्तू समोर असली की माणूस काय विचारतो, हे मी एकदा टाउन हॉलच्या म्युझियममध्ये ऐकलंय. सीपीआर हॉस्पिटलमध्ये नातेवाईक ॲडमिट होते, भेटायच्या वेळेला अवकाश होता, म्हणून समोर टाउन हॉलच्या बागेत बसले आणि मग ऊन चढलं तशी आत शिरले. कोल्हापूरच्या बहुतेक लोकांनी ते म्युझियम शाळेत असताना एकदा रांगेत बघितलेलं असतं आणि नंतर पाहुणे आले तरी आपण त्यांना अंबाबाई, रंकाळा आणि न्यू पॅलेसलाच नेतो. आत कॉलेजची चार-पाच पोरं होती. एक जण पोसायडनच्या मूर्तीपुढं थबकला. मूर्ती वीतभरही नाही, कांस्याची, उघड्या अंगाचा दाढीवाला पुरुष. त्यानं पाटी वाचली आणि मित्राला म्हणाला, "समुद्राचा देव म्हणं. कोल्हापूरला समुद्र कुठला आला रे?"

मित्र हसला, पुढं गेला. पण एवढा चांगला प्रश्न मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. ग्रीकांचा सागरदेव पंचगंगेच्या काठी काय करतो? ब्रह्मपुरीच्या टेकाडावर, जिथून आपण रोज शिवाजी पुलाकडं जाताना मान वळवूनही बघत नाही, तिथं १९४० च्या दशकात खोदकाम झालं. सुरुवात केली ती राजाराम कॉलेजच्या प्रा. कुंदणगारांनी. कन्नडचे प्राध्यापक, शिलालेख वाचणारा माणूस. मग १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित आले. सातवाहनांच्या काळातल्या विटांच्या घरांपासून वर बहामनी काळापर्यंतचे थर त्यांनी उलगडले. हा देव, स्वारांसकट घडवलेला कांस्याचा हत्ती, रोमन धाटणीची भांडी, ही सगळी त्याच टेकाडाची मिळकत. याच खोदकामातून १९४६ मध्ये म्युझियम सुरू झालं. म्हणजे मुळात दोन कॉलेजांतल्या मास्तरांच्या कुदळीतून आलेला हा संग्रह. समुद्र कोल्हापूरला आला नव्हता, पण कोकणातल्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून इथं येत होता, आणि इथं तो विकत घेण्याची ऐपत असलेलं कुणीतरी राहत होतं. पोराच्या प्रश्नाचं हे उत्तर. ते त्याला त्या दिवशी मिळालं का, माहीत नाही. पहारेकऱ्याला विचारावं म्हणून तो वळला तेव्हा पहारेकरी दुसऱ्या कुणाला तरी "मोबाइल आत, मोबाइल आत" करत होता.

तिथल्याच मातीत शिशाची नाणी सापडली आहेत, एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला टेकडीसारखं चिन्ह आणि झाड. त्यांवर वासिठीपुत विळिवायकुर अशी राजांची नावं, आईच्या नावासकट. बीएच्या वर्गात या नाण्यांचे ठसे, मूळ नाणी नव्हेत, नुसते प्लास्टरचे ठसे जरी हातात दिले आणि पोरांना सांगितलं की वाचा, तर तास कमी पडेल. मोडीच्या वर्गातली मुलं सांगतात तसंच हे. छापील मोडी वाचता येणं वेगळं आणि दप्तर बांधलेल्या रुमालातून सोडलेला खरा कागद वेगळा. घडी कुठं पडली आहे, मायना कुठं संपतो, लिहिणाऱ्याची शाई कुठं संपत आली होती. स्कॅनिंग झालंच पाहिजे, कागद वाचायचे तर दुसरा मार्ग नाही. पण वर्षातनं एकदा तरी मूळ रुमाल विद्यार्थ्यासमोर सोडावा.

ऑक्सफर्डचं ॲशमोलियन हे विद्यापीठाचं म्युझियम १६८३ मध्ये लोकांना खुलं झालं. त्यांच्याकडं एक डोडो होता. तो कुजत गेला आणि अठराव्या शतकात त्याचं डोकं आणि एक पाय एवढंच राहिलं. पृथ्वीवर डोडोच्या कातडीचा जो काही तुकडा उरलाय तो त्या डोक्यावरचा, आणि पुढं या उरलेल्या अवशेषांतूनच त्याचा डीएनए काढून तो कबुतरांच्या कुळातला असल्याचं पक्कं करता आलं. ही गोष्ट मला दोन्ही बाजूंनी छळते. नीट राखला असता तर अख्खा राहिला असता. आणि कुजकं म्हणून सगळंच टाकलं असतं तर काहीच कळलं नसतं.

म्हणून त्या शिपाईमामांवर माझा राग नाही, आणि चावी स्वतःकडं ठेवणाऱ्या सरांवरही फारसा नाही. कॉलेजातली प्रत्येक बरणी डेड स्टॉक रजिस्टरला चढवलेली असते, किमतीसकट. कधीकाळची किंमत, काही रुपये काही पैसे. ती फुटली तर खुलासा लिहायचा कुणी? ऑडिटला उत्तर द्यायचं कुणी? चावी खिशात ठेवणं हा सगळ्यांत स्वस्त बंदोबस्त. कुलूप लावलेल्या कपाटाबद्दल कुणालाही मेमो येत नाही, उघड्या कपाटाबद्दल येऊ शकतो. गंमत म्हणजे कुलपानं बरणी वाचत नाही. फॉर्मॅलिन उडत राहतं, पातळी उतरते, उघडी पडलेली बाजू वाळून काळी होते. जुनं फॉर्मॅलिन आंबट होत जातं आणि तारामाशासारख्यांच्या अंगातले चुन्याचे तुकडे त्यात हळूहळू विरघळतात, म्हणून त्यात थोडा टाकणखार घालायचा असतो. आमच्या लॅब असिस्टंटना हे पाठ होतं. ते रिटायर झाले की जागा भरली जात नाही, आणि टाकणखार कुणी घालायचा हे कुठल्याच रजिस्टरला लिहिलेलं नसतं.

भाचीला हे सगळं एका रविवारी ऐकवलं. तिचं कॉलेज दुसरं, विषय तोच. नव्या शैक्षणिक धोरणात या मुलांना फील्ड प्रोजेक्ट आहे, क्रेडिटचं. मुलं मधमाशीपालन नाहीतर मत्स्यबीज केंद्र गाठतात, दोन दिवस जातात, फोटो काढतात, सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र आणतात. मी म्हटलं, अगं तुमच्याच विभागात दोन-चार वर्षांचं काम पडलंय. बरण्या मोजा, लेबलं वाचा, जी पुसली गेली ती जुन्या रजिस्टरवरनं शोधा, प्रत्येक प्राणी कुठनं, कधी आला, त्याच्यात पुस्तकापेक्षा वेगळं काय दिसतं ते लिहा. नवं लेबल लावा आणि त्याच्यावर तुमची नावं घाला. तिनं आधी विचारलं, "क्रेडिट मिळतील काय?" मग विचारलं, "किती जणांचा ग्रुप?" मग तीन मैत्रिणींना फोन केले, हे तिच्याकडून अनपेक्षितच होतं.

त्यांच्या मॅडमना कल्पना आवडली, पण त्यांनी एक आडकाठी घातली आणि ती रास्त आहे. फॉर्मॅलिन कर्करोगाला कारण ठरू शकतं, आमच्या काळात आम्ही उघड्या हातांनी त्यात बुचकळत होतो ते सोडा. हातमोजे, मास्क, धूर ओढणारा पंखा यांची सोय होईपर्यंत मुलांना बरण्या उघडू देणार नाही म्हणाल्या. पंख्यासाठी अर्ज गेलाय. तोवर शंख-शिंपल्यांच्या कपाटापासून सुरुवात करा, त्याला काही लागत नाही, ब्रश आणि भिंग आणा. परवा भाचीचा मेसेज आला, एका शिंपल्याचा फोटो आणि खाली, आत्या, याच्यावर नुसतं 'रत्नागिरी' लिहिलंय, साल नाही, आणि भोक पडलंय एक, अगदी गोल, ड्रिलनं पाडल्यासारखं, हे कुणी पाडलं असेल? मला उत्तर माहीत आहे, तसली भोकं पाडून आतला जीव खाणारी एक गोगलगाय समुद्रात असते. पण मी कळवलं नाहीये. शोधू दे तिचं तिला.